कुंडातला भात

खिचडीच्या गंजावर, म्हणजे मोठ्या पातेल्यावर, पळीचे तीन टोले पडायचे आणि मागोमाग तिचा आवाज यायचा, "या रे लेकहो, गरम हाय तवर!" गुरुजींची घंटा त्यानंतर वाजायची. आमच्या शाळेत जेवणाची सुट्टी घड्याळानं होत नव्हती, तिच्या पळीनं होत होती. गुरुजींनी त्याबद्दल कधी तक्रार केली नाही, कारण टोले ऐकून भूक त्यांनाही लागायची.

तुमच्या गावातही असेल अशी एखादी, शाळेत खिचडी शिजवणारी. सगळं गाव तिला मावशी म्हणतं आणि तिचं खरं नाव फक्त मतदार यादीत असतं. आमच्या मावशीचं नाव मी इथं लिहीत नाही. मी तिला विचारलं होतं, "मावशी, तुमच्यावर काही लिहिलं तर चालेल का?" ती म्हणाली, "लिव. पन नाव नोको टाकू. त्या नावाच्या गावात अजून दोघी हायेत, थ्या उगाच फुगतीन."

आमचं गाव मानोरा तालुक्यात, इंझोरीच्या अलीकडं. मावशी आणि मी एकाच वस्तीतल्या, बौद्ध घरांच्या. मी तिसरीत असताना शाळेत पहिल्यांदा खिचडी शिजली. ती तिनं शिजवली आणि मी खाल्ली. पुढं मंगरूळपीरला एसटीनं ये-जा करून मी बी.ए. झाले. आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेली मी पहिली. हे मी लाजून सांगत नाही, ताठ मानेनं सांगते. आज शाळेच्याच आवारात, तिच्या खिचडीच्या शेडला लागून असलेल्या खोलीत मी अंगणवाडी चालवते.

बी.ए.चा निकाल लागला त्या दिवशी मावशी गावभर सांगत फिरली, "माह्या खिचडीवर बी.ए. झाली पोरगी." माझ्या आईला राग आला. "अन् रातच्या भाकरी कोन थापत होतं?" ती म्हणाली. मावशी म्हणाली, "बरं, अर्धी तुह्यावाली." तेव्हापासून मावशीनं मला नावानं हाक मारली नाही. "ओ बी.ए., जरा गंजाले हात लाव." "ओ बी.ए., मीठ सरलं, दुकानात जाऊन ये."

एकदा खिचडी तपासायला तालुक्याचे साहेब आले. उभ्याउभ्या त्यांनी एक चमचा तोंडात टाकला आणि वहीत शेरा लिहायला पेन काढला. मावशीनं त्या उघड्या वहीवर भरलेलं ताट ठेवलं. "एका चमच्यात कायची चव समजते साहेब? बसा." साहेब पोरांच्या पंगतीत मांडी घालून बसले. दुसऱ्यांदा वाढताना "पुरे" म्हणाले, तर म्हणते कशी, "लिहाचं हाय न तुमाले? मंग नीट खा." शेरा काय लिहिला ते मला माहीत नाही. पण जाताना साहेबांनी कमरेचा पट्टा एक घर सैल केला होता, हे आम्ही सगळ्यांनी पाहिलं.

आता मळेवाल्या काकूबद्दल सांगायला पाहिजे. तिच्याशिवाय मावशीची गोष्ट पुरी होत नाही.

काकूचा गावालगत भाजीचा मळा. पालक, मेथी, वांगी, सगळं मंगरूळच्या बाजारात जातं. शाळेत खिचडी सुरू झाली तेव्हा चार-पाच घरांनी आपली पोरं दुपारी घरी जेवायला बोलावली. कारण कोणी तोंडानं बोललं नाही. आमच्याकडं असली कारणं बोलत नाहीत, सगळ्यांना कळतात. त्यात काकूचं घर होतं. पण महिन्या-दीड महिन्यात पोरंच फितूर झाली. मावशीची फोडणी शाळेच्या आवारात मावत नव्हती. काकूची दोन्ही पोरं आधी चोरून खाऊ लागली, मग उघड.

काकू भांडायला आली नाही. ती भाजी घेऊन आली. शेडच्या दाराशी टोपलं ठेवून म्हणाली, "पोरायच्या खिचडीत टाक व. पालक असला म्हंजे अंगाले लागते." त्यानंतर वीस वर्षं, आठवड्यातून दोनदा, काकूची भाजी शेडच्या दाराशी आली. एका आठवड्याचा खाडा नाही.

आणि तरी काकूनं स्वतः मावशीच्या हातचा घास कधी घेतला नाही. दोघी एकाच बचत गटात. समोरासमोर बसून हसायच्या, आपापल्या सुनांच्या चहाड्या करायच्या. पण बैठक मावशीच्या घरी असली आणि पोह्यांच्या ताटल्या फिरू लागल्या की काकू म्हणायची, "माहा आज उपास हाय व." सोमवार असो की बुधवार. मावशी हसून ताटली पुढच्या बाईकडं सरकवायची आणि सगळ्या गेल्यावर मला विचारायची, "बी.ए., हप्त्यात वार किती असतेत?"

"सात."

"मंग हिचे उपास आठ कसे?"

मावशी हसायची. मला हसू यायचं नाही.

मावशीचा मुलगा अमरावतीला नोकरीला आहे. धुरानं तिचे डोळे सारखे चुरचुरायला लागले तेव्हा त्यानं सांगून टाकलं, नव्या वर्षात आई माझ्याकडं येणार. मावशीनं काम सोडायचं ठरवलं. गटातल्या आम्ही बायांनी ठरवलं की जायच्या आधी तिला एक दिवस फिरवून आणायचं. वीस वर्षांत ती मानोरा आणि मंगरूळ सोडून कुठं गेली नव्हती. उनकेश्वरला गरम पाण्याचे झरे आहेत, आणि त्याच बाजूला कोलाम आदिवासींचं एक पोड आहे. पोड म्हणजे त्यांची वस्ती. तिथल्या लोकांनी आपलं गाव, आपलं नाचगाणं पाहुण्यांना दाखवायला सुरुवात केली आहे. एका दिवसात दोन्ही होतं.

मावशीनं एकच अट घातली. "जेवन माह्याकून. कोनी डबा आनला त मी डबा पैनगंगेत फेकीन."

इथून पुढची चूक माझी आहे, ती मी लिहून ठेवते. मी मावशीला मोबाइलवर एक व्हिडिओ दाखवला होता. हिमालयाकडचा कुठला तरी झरा, पाणी रटरट उकळतंय, आणि लोक फडक्यात तांदूळ बांधून त्यात सोडतायत. थोड्या वेळानं भात तयार. मावशीनं तो चार वेळा पाहिला. मग विचारलं, "उनकेश्वरचं पानी असंच हाय का?"

मी उनकेश्वर पाहिलं नव्हतं. तरी म्हणाले, "गरम झरा म्हणजे गरम झरा, मावशी. गंधकाचं पाणी असतं ते." गंधक म्हटलं की आमच्याकडं पुढचा प्रश्न येत नाही.

मावशीनं इकडंतिकडं पाहिलं आणि आवाज बारीक केला. "मंग आयक. तांदूळ मी दुकानातून नवा घेतो. फडकं कोरं. पानी देवाच्या कुंडातलं. त्याले ना माही चूल लागते, ना माहं भांडं. आता तरी खाईन का नाही थे?"

ती कोणाबद्दल बोलते आहे हे मला कळलं, आणि माझं डोकं तापलं. "मावशी, आपण कायले इतकं वाकायचं? खाईल तर खाईल, नाही तर राहील उपाशी. तिची भाजी तुमच्या गंजात शिजते, तिची पोरं तुमच्या हातचं खाऊन मोठी झाली. अजून काय करायचं?"

"तुहं बरोबर हाय," मावशी म्हणाली. "तू राग धर. पन मी जाऊन राह्यली गाव सोडून. मले तिच्यासंग एकडाव बसून जेवाचं हाय. तुहा राग येगळा, माहं जेवन येगळं."



डिसेंबरातल्या एका गुरुवारी पहाटे आम्ही बारा बाया एका क्रूझरमध्ये बसलो. बसलो म्हणजे कोंबलो. मावशीच्या मांडीवर तांदळाची पिशवी आणि पायाशी स्टीलचा मोठा डबा. त्यात तुरीच्या हिरव्या दाण्यांची भाजी होती. आम्ही त्या दाण्यांना सोले म्हणतो. मावशी तीन वाजता उठून सोले भाजून, वाटून, भाजी करून आली होती. ही भाजी तिच्या चुलीवरची, म्हणजे काकू सोडून बाकी अकरा जणींसाठी. काकूनं स्वतःसाठी पिशवीत डझनभर केळी घेतली होती. विचारायच्या आधीच ती म्हणाली, "गुरवार हाय न. उपास."

दिग्रस जाईपर्यंत गाणी झाली. माहूरचा डोंगर दिसला तेव्हा उलट्या झाल्या, माझ्या आणि आणखी दोघींच्या. मावशी खिडकीतून बाहेर पाहत होती आणि दर दहा मिनिटांनी विचारत होती, "आलं का?"

उनकेश्वरला पोचलो. कुंडातून वाफ निघत होती आणि थंडीत ती वाफ इतकी दाट दिसत होती की मावशीनं माझा दंड दाबला. "शिजते व बी.ए.! पाह्य कशी वाफ हाय!" बायांची आंघोळीची जागा वेगळी होती. सगळ्या जणी पाण्यात उतरल्या. डिसेंबरच्या गारठ्यात ऊन पाणी अंगावर घेताना साठीच्या बायाही किंचाळत होत्या. मावशी मात्र उतरली नाही. जिथून पाणी येत होतं तिथं ती उकिडवी बसली आणि फडक्याची पुरचुंडी दोरीनं पाण्यात सोडून तिनं दोरी हातात घट्ट धरली, शेळी चारायला नेल्यासारखी.

अर्धा तास गेला. एक तास गेला. बाया न्हाऊन, केस वाळवून, भुकेल्या होऊन तिच्याभोवती जमल्या. मावशीनं पुरचुंडी वर ओढली, गाठ सोडली, एक शीत बोटांत दाबलं. मग दुसरं. मग दाताखाली धरलं. कट्कन आवाज आला. तो सगळ्यांनी ऐकला.

तिथं झाडलोट करणारा एक म्हातारा मघापासून हे पाहत उभा होता. "बाई," तो म्हणाला, "ह्या पान्यानं लोकायची खाज जाते. तांदूळ नाही शिजत."

"तुमाले कोनं सांगतलं व, शिजते म्हनून?" गटातली एक चिडून म्हणाली. पोटात काही नव्हतं, त्यामुळं आवाज चढाच होता.

मावशीनं माझ्याकडं पाहिलंही नाही. "कोन सांगीन? माह्याच डोक्यातलं खूळ. अन् तांदूळबी नवाच घेतला न म्या, तो लवकर शिजत नाही."

नवा तांदूळ जुन्यापेक्षा लवकर शिजतो, हे तिथं उभ्या असलेल्या बाराही जणींना माहीत होतं. माझे कान तापले. "मी सांगितलं," मी म्हणाले. "व्हिडिओ दाखवून मी सांगितलं."

मग मावशी म्हणाली, "जाऊ द्या व. शिकेल पोरीनं मधीमधी चुकलं पायजेन. नाही त आपल्याले बोलाले कदी भेटन?" आणि सगळ्या हसल्या, मीही हसले.

पण हसणं ओसरल्यावर मावशी बाजूला जाऊन फडकं पिळत बसली. ते केव्हाच कोरडं झालं होतं तरी पिळत होती. मी जवळ गेले तेव्हा एवढंच म्हणाली, "त्याच्याच भरवशावर होती मी. आता कदी होईन?"

तेवढ्यात काकूची किंकाळी ऐकू आली. सगळ्यांचं लक्ष तांदळात असताना एका वानरानं तिची केळ्यांची पिशवी लांबवली होती. ते समोरच्या झाडावर बसून एकेक केळं सोलत होतं, आणि साली अगदी काकूच्या पुढ्यात टाकत होतं. काकू त्याला त्याच्या आजोबा-पणजोबांवरून शिव्या देत होती. मावशी फडकं टाकून हसत सुटली. इतकी हसली की तिला खोकला आला.

दुपारी आम्ही पोडात पोचलो, बाराच्या बारा उपाशी. बांबूच्या तट्ट्यांची लिंपलेली घरं, सारवलेली अंगणं, मधोमध चावडी. एक आजोबा बसल्या जागी टोपली विणत होते. त्यांनी आम्हाला सगळं दाखवलं असतं, पण आमची तोंडं पाहून पाहुण्यांची व्यवस्था बघणारी बाई पुढं आली. पन्नाशीची, कपाळावर गोंदण, आवाज मावशीसारखाच. काय झालं ते तिनं ऐकलं, आपल्या सुनेला कोलामी भाषेत काहीतरी म्हणाली, आणि दोघीही खळखळून हसल्या. मग आम्हाला म्हणाली, "एक घंटा द्या. भाकरी टाकतो."

मावशी लगेच पदर खोचून तिच्या चुलीकडं निघाली. त्या बाईनं आडवा हात धरला. "पाव्हनीचं काम नाही इथं. तुमी बसा."

"मी थापू लागतो न. बारा जनीईच्या भाकरी..."

"बसा म्हनलं न."

मावशी येऊन बसली. तिला नुसतं बसलेलं मी आयुष्यात पहिल्यांदा पाहत होते. हात कुठं ठेवावेत हे तिला कळेना. मांडीवर ठेवले, जमिनीवर ठेवले, शेवटी स्वतःच्याच दोन्ही कोपरांना धरून बसली.

झाडाखाली पंगत पडली. पळसाच्या पानांवर ज्वारीच्या गरम भाकरी आणि लाल चटणी आली. मावशी उठली आणि आपला डबा घेऊन त्या बाईपुढं उभी राहिली. "बाई, चूल तुमची, कबूल. पन हे मी घरून आनलं. हे त वाढू द्या मले."

बाईनं आपला तळहात पुढं केला. "आधी मले." मावशीनं तिच्या हातावर भाजी घातली. तिनं खाल्ली, बोटं चाटली आणि मान हलवून पंगतीकडं बोट केलं.

मावशी वाढत निघाली. एक पान, दुसरं, तिसरं. आता तिचा चेहरा पूर्ववत झाला होता. चौथ्या पानावर काकू होती. मावशीची पळी तिच्या पानावरून न थांबता पुढं गेली आणि पाचव्या पानावर रिकामी झाली. वीस वर्षांची सवय होती. हातानं आपलं काम केलं, मावशीच्या ध्यानातही आलं नाही.

"मले काहून सोडलं व?" काकू म्हणाली.

मावशी थांबली. सगळी पंगत थांबली. मी हातातली भाकर तशीच धरून बसले.

"तुहा... उपास हाय न आज."

"उपास वांदरानं नेला," काकू म्हणाली. "टाक."

पोडातल्या आजोबांना काहीच ठाऊक नव्हतं, तरी आमचं हसणं ऐकून तेही टोपली खाली ठेवून हसले. मावशी हसली नाही. तिनं पळी बुडवली, इतकी भरली की अर्धी भाजी पानाबाहेर पडली. काकूनं भाकरीचा तुकडा मोडला, भाजीला लावला, तोंडात घातला. चावला. तिच्या डोळ्यांत पाणी आलं, नाक गळायला लागलं.

"तिखट लय केलं व बाई," ती म्हणाली. आणि उरलेली भाकर पुढं धरून, "अजून टाक."

मावशीनं तिला तीनदा वाढलं. चौथ्यांदा डबा रिकामा निघाला. मग ती काकूच्या शेजारीच, पान नव्हतं म्हणून तळहातावर भाकर घेऊन बसली आणि डब्याच्या तळाला लागलेली भाजी पुसून जेवली.

नंतर ढोल वाजले आणि पोडातल्या बाया ढेमसा नाचायला उभ्या राहिल्या, हातात हात गुंफून, गोल. आम्हालाही ओढलं. मी पाय मोजत राहिले म्हणून चुकले. मावशी मोजत नव्हती म्हणून तिचा एकही पाय चुकला नाही. धाप लागली तेव्हा ती माझ्याशेजारी येऊन टेकली. मला राहवलं नाही. मी विचारलं, "मावशी, केळी असती तर काकूनं खाल्लं असतं का?"

तिनं माझ्याकडं असं पाहिलं की मी तिसरीतली झाले.

"भुकेनं खाल्लं का मनानं, हे मी कायले इचारू? पोरायले इचारलं का मी कदी?"

जानेवारीत मावशी अमरावतीला गेली. आता शेडमध्ये गटातलीच दुसरी बाई शिजवते, चांगलं शिजवते. मावशी तिसऱ्या मजल्यावर राहते आणि लिफ्टवर विश्वास नाही म्हणून जिना चढते. फोनवर सांगते की तिथं शेजारची दारं दिवसभर बंद असतात, आणि तिनं त्यातली दोन उघडली आहेत. कशी उघडली ते विचारायची गरज नाही.

पण तिची आठवण काढली की मला तो परतीचा रस्ता दिसतो. दिवस कलला होता. क्रूझरमध्ये जागा बदलल्या होत्या. काकू आणि मावशी मागच्या सीटवर एकीला एक लागून बसल्या होत्या. दिग्रसच्या अलीकडं काकूला झोप लागली आणि तिचं डोकं मावशीच्या खांद्यावर कलंडलं. मावशी ताठ झाली. पुढच्या सीटवरून कोणीतरी पाण्याची बाटली दिली, तिनं नुसत्या डोळ्यांनी नको म्हटलं. मानोरा आलं तेव्हा एक जण म्हणाली, "काकूले उठवा, चहा पेऊ."

"नोको," मावशी अगदी हळू म्हणाली. "गावापर्यंत जाऊ द्या तशीच." आणि ड्रायव्हरला, "दादा, खड्डे पाहून."

उघड्या खिडकीतून वारा येत होता. त्या वाऱ्यानं मावशीचा पदर तिच्याच तोंडावर फडफडत होता, नाकाडोळ्यांत जात होता, आणि तो बाजूला करायला तिनं हात उचलला नाही.